राहत्या घराची दुरुस्ती

‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूल सांगेल, तीन: म, रा, ठी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तिसऱ्या पिढीला विचारलं तर उत्तर मिळतं ५, कारण ती काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजते. तिच्या दुसऱ्या पिढीला साध्या अवतरणचिन्हांत हा शब्द घालून विचारलं की उत्तर यायचं १५. तिला अक्षरं दिसायचीच नाहीत. तिला दिसायचे बाइट, आणि यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

हा हिशेब मला पाठ झाला तो ओळखपत्रांमुळे. एका संस्थेच्या सभासदांची ओळखपत्रं छापण्याचा प्रोग्रॅम मी पायथन २ मध्ये लिहिला होता. कार्डावर नावासाठी वीस जागा होत्या, तेव्हा नाव विसाव्या जागेवर कापायचं, एवढंच काम. इंग्रजी नावं घालून पाहिली, सगळं ठीक. मग देवनागरी यादी आली. ‘ज्ञानेश्वर’ या नावात दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालली तेव्हा ‘ज्ञाने’ एवढं उरलं आणि त्याच्यापुढे ‘श’च्या तीन बाइटांपैकी दोन लोंबकळत राहिले. कार्डावर छापून आलं ‘ज्ञाने’ आणि शेजारी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ते गृहस्थ कार्ड हातात धरून मला म्हणाले, “माझं नाव एवढंच आहे का हो?” चूक मी केली होती. पण ती करताना भाषेने मला हटकलं नव्हतं, आणि इंग्रजी नावांवर चाचणी करणाऱ्याला ती कधी दिसलीही नसती.

पायथन ३ ने अशी चूक करणं अवघड करून ठेवलं. मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे, अशी तिने दोघांची कायमची फारकत केली. ३ डिसेंबर २००८ रोजी ती बाहेर आली आणि जगभर सुरळीत चालणारा कोड तिच्यावर चालेनासा झाला. ज्या बदलामुळे ज्ञानेश्वर हे नाव पुरतं छापता आलं, त्याच बदलाने असंख्य प्रोग्रॅमरांची वर्षं खाल्ली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक दुसरीला खोडत नाही. प्रोग्रॅमिंग भाषेतून जुनं कधी काढावं, कसं काढावं आणि कधी हात लावू नये, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आमच्या धंद्यात याला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’चा प्रश्न म्हणतात. काल चालत असलेला कोड नव्या आवृत्तीवर एक अक्षरही न बदलता चालला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला सोपं वाटतं. पण भाषेचं दुखणं इतर सॉफ्टवेअरपेक्षा निराळं असतं. मोबाइलवरच्या ॲपमधलं एखादं बटण हललं तर माणूस कुरकुरतो, शोधतो आणि दोन दिवसांत सरावतो. प्रोग्रॅमिंग भाषेतला बदल मात्र लिहून ठेवलेल्या कोडवर जाऊन आदळतो. तो लिहिणारा कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो, निवृत्त झालेला असतो. कोड सरावत नाही आणि संदर्भावरून समजूनही घेत नाही.

आपल्या लेखनातला एक बदल यासाठी आठवून पाहावा. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते लेखनातून गेले. ‘नाहीं’चं ‘नाही’ झालं, ‘कां’चं ‘का’ झालं. यात एक बारकावा आहे. जुन्या पुस्तकात एका घराविषयी लिहितानाही ‘घरांत’ असंच लिहीत. आज एक घर असेल तर ‘घरात’ आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. तोच लिखित शब्द, अर्थ मात्र सरकला. तरीही आजोबांच्या कपाटातलं १९४० सालचं पुस्तक आपण न अडखळता वाचतो, कारण पुढचंमागचं वाक्य पाहून डोळा आपोआप सुधारून घेतो. लिपीच बदलली तिथे मात्र डोळ्याचंही काही चालत नाही. मोडीतलं जुनं खरेदीखत वाचायला आज जाणकार शोधावा लागतो. कागद घरात आहे, शाई शाबूत आहे, मालकी आपली आहे, आणि तरी तो आपल्याशी बोलत नाही. संगणकाला प्रत्येक बदल मोडीइतकाच कठोर असतो.

म्हणून जे काहीच काढू नका म्हणतात, त्यांचं म्हणणं हट्ट म्हणून उडवून लावता येत नाही. जावास्क्रिप्टचं उदाहरण घ्या. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. त्या घाईतली एक चूक अशी की ‘नल’, म्हणजे काहीच नाही, या मूल्याचा प्रकार विचारला तर भाषा ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर देते. ही चूक आहे हे सगळे मान्य करतात. ती दुरुस्त करण्याचा प्रस्तावही आला होता, तो मागे पडला, आणि आजही उत्तर तेच येतं. कारण वेबचा व्यवहार विचित्र आहे. वेबपान एकदा लिहून ठेवलं जातं, लिहिणारा निघून जातो, आणि वाचणाऱ्याचा ब्राउझर मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी आपणहून नवा होतो. भाषा बदलली तर पान मोडेल आणि ते नीट करायला तिथे कोणीही नसेल. २०१८ साली याची कसोटी लागली. याद्या सपाट करणाऱ्या एका नव्या सोयीला ‘फ्लॅटन’ हे नाव द्यायचं ठरत होतं. मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन कित्येक वर्षं आधी बनवलेलं होतं, आणि नव्या नावामुळे त्या लायब्ररीवर उभी असलेली जुनी संकेतस्थळं मोडत होती. शेवटी भाषेने आपलं नाव बदलून ‘फ्लॅट’ केलं. भाषा ठरवणाऱ्या जिवंत समितीने, ज्यांना कोणी वाली उरला नाही अशा पानांसाठी पाऊल मागे घेतलं. मला त्यात मोठेपणा दिसतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच वजनदार आहे, आणि त्यासाठी सी भाषेतलं ‘गेट्स’ नावाचं फंक्शन पाहावं. त्याचं काम एक ओळ वाचून दिलेल्या जागेत ठेवणं. ती जागा केवढी आहे हे मात्र त्याला सांगण्याची सोयच नव्हती. ओळ लांब आली की ती जागेबाहेर सांडायची आणि शेजारची मेमरी पुसत जायची. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटभर पसरला. आत शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच होती: युनिक्सच्या ‘फिंगर’ या सेवेत ५१२ बाइटांची जागा होती आणि ‘गेट्स’ तिच्यात त्याहून लांब ओळ मुकाट्याने ओतत होतं. तेव्हाच्या अंदाजानुसार सहा हजारांच्या आसपास यंत्रं बाधित झाली. एवढं होऊनही पुढच्याच वर्षी सी भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं तेव्हा ‘गेट्स’ त्यात होतंच. ते काढलं गेलं २०११ साली. मॉरिसच्या प्रोग्रॅमला तोवर तेवीस वर्षं झाली होती. जुना कोड मोडू नये या काळजीपोटी एक उघडा दरवाजा दोन दशकं उघडाच राहिला आणि दर वर्षी नवे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून तोच दरवाजा वापरायला शिकत राहिले. राखण्याचीही किंमत असते. ती एकदम दिसत नाही, एवढंच.

मात्र ‘गेट्स’ ज्या रीतीने गेलं ती रीत शिकण्यासारखी आहे. प्रमाणातून नाव गेलं, नव्या नियमांनी कंपाइल करणाऱ्याला ते मिळत नाही. पण लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, ग्लिबसीमध्ये, त्याचं यंत्ररूप अजून ठेवलेलं आहे, कारण पूर्वी कंपाइल होऊन पडलेले प्रोग्रॅम चालायला हवेत. नव्याला दार बंद, जुन्याला मुभा. फोरट्रानचा रिवाजही असाच जुना आणि समंजस. १९५७ पासून वापरात असलेल्या या भाषेच्या प्रमाणात एखादी रचना आधी ‘कालबाह्य’ म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत ‘वगळलेली’ या यादीत जाते. तिथे गेल्यावरही बरेच कंपायलर ती ओळखत राहतात, फक्त ताकीद देतात.

आता पायथनकडे वळू, कारण या पुस्तकाचा मोठा भाग तिच्यावर आहे. तिने दोन्ही प्रकारच्या चुका केल्या आणि दोन्ही उघड्यावर निस्तरल्या. गिदो वान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली, १९९१ साली ती लोकांसमोर आली. वीस वर्षांत साठलेलं नको ते ओझं एकदाच उतरवून टाकावं, हा पायथन ३ मागचा विचार होता. योजना कागदावर नेटकी होती. आपला कोड आधी २.६ वर आणायचा, इशारे पाहून साफ करायचा, मग ‘टू टू थ्री’ या अवजारातून काढायचा की पायथन ३ चा कोड तयार. म्हणजे सर्वांनी एकदा उडी मारायची आणि पलीकडे जायचं.

उडी कोणी मारली नाही, कारण कोणीच एकटं नव्हतं. लायब्ररी सांभाळणाऱ्याचे निम्मेअधिक वापरकर्ते अलीकडच्या काठावर; त्यांना सोडून तो जाणार कसा? आणि ज्यांचा प्रोग्रॅम दहा लायब्रऱ्यांवर उभा, ते दहाव्या लायब्ररीची वाट पाहत अलीकडेच थांबलेले. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी खोळंबलेला. वेबसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जँगोला पायथन ३ चा पहिला, तोही प्रायोगिक, आधार मिळाला फेब्रुवारी २०१३ मध्ये, चार वर्षांनी.

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती एका अक्षरापासून. पायथन २ मध्ये युनिकोड मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘यू’ हे अक्षर लावत. पायथन ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड, मग ‘यू’ कशाला? म्हणून ते काढलं. तर्क बिनचूक होता. पण या एका अक्षरामुळे एकच फाइल दोन्ही पिढ्यांवर चालवणं फार जिकिरीचं झालं: ‘यू’ ठेवावं तर तिसरी पिढी अडते, काढावं तर दुसरीत मजकुराचे पुन्हा बाइट होतात. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.३ या आवृत्तीने ते निरर्थक अक्षर परत घेतलं. त्याला अर्थ दिला नाही, फक्त चालवून घेतलं. दोन गुणिले तीन म्हणून ‘सिक्स’ असं नाव घेतलेली एक छोटी लायब्ररी तोवर दोन्ही पिढ्यांमधला फरक झाकायचं काम करतच होती. आता एकच फाइल दोन्हीकडे सहज चालू लागली. मग लोक निघाले, आणि उडी न मारता पायरी पायरीने निघाले. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबायचा होता, तो २०२० पर्यंत लांबवावा लागला. १ जानेवारी २०२० ला तो संपला आणि २.७.१८ ही शेवटची आवृत्ती त्या एप्रिलमध्ये निघाली. अकरा वर्षांहून जास्त काळ लागला.

मला या सगळ्या कथेतून एकच गोष्ट सांगायची आहे, आणि पुस्तकाची प्रकरणं तिच्याभोवतीच उभी आहेत. जुनं काढायचा अधिकार भाषेला आहे. पण काढण्याचा निर्णय घेणारे थोडे असतात आणि त्याचे कष्ट उपसणारे दूर कुठेतरी असतात. हे अंतर भरून काढणं निर्णय घेणाऱ्याच्या अंगावर आहे, आणि ते भरून काढण्याचा खात्रीचा मार्ग आजवर एकच दिसला आहे: काही काळ जुनं आणि नवं एकाच छपराखाली नांदू द्यायचं. माणसं राहत असलेल्या घरातली भिंत पाडायची तर आधी टेकू लावावा लागतो.

हे दूरचे लोक कोण, हे पुणे-मुंबईतल्या माझ्या वाचकांना सांगायला नको. विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन आकडी वर्षं चार आकडी करायला, परदेशी बँकांचा कोबोल भाषेतला जुना कोड उपसायला जी माणसं बसली त्यांत आपली कितीतरी होती. पुढच्या पिढीने मायग्रेशनच्या प्रोजेक्टांवर पायथन २ चं ३ केलं. आपल्या शहरांतल्या आयटीच्या संसाराचा मोठा हिस्सा दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड जिवंत ठेवण्यावर चालतो. भाषेच्या समितीत जी ओळ खोडली जाते तिचा घाम अनेकदा हिंजवडीत गळतो. पण या विषयावर मराठीत सलग लेखन मला सापडलं नाही, म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

पुस्तकात एका भेदावर मी मुद्दाम जास्त रेंगाळलो आहे. काढून टाकणं वेगळं आणि अर्थ बदलणं वेगळं. पायथन ३ मध्ये ‘प्रिंट’ला कंस सक्तीचे झाले. जुना कोड चालवला की पहिल्याच क्षणी भाषा अडवते आणि ओळ दाखवते. त्रास होतो, पण फसवणूक होत नाही. भागाकाराचं तसं नाही. पायथन २ मध्ये सातला दोनने भागलं की ३ यायचे, पायथन ३ मध्ये साडेतीन येतात. कुठेही अडवणूक नाही, इशारा नाही, प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालतो आणि उत्तर मात्र निराळं देतो. हा आपल्या ‘घरांत’सारखा बदल आहे, फक्त वाचणारा डोळा इथे नाही. पायथनने यासाठी २००१ सालीच पूर्ण भागाकाराचं वेगळं चिन्ह दिलं होतं, आणि फाइलच्या सुरुवातीला एक ओळ लिहून नवा अर्थ आधीच मागून घेण्याची सोयही केली होती. सात वर्षांचा तो टेकू होता. ज्यांनी तो वापरला ते वाचले. म्हणूनच मी म्हणतो, गप्प राहून अर्थ बदलणाऱ्यापेक्षा ओरडून नकार देणारी भाषा बरी.

नंतरच्या भाषांनी यातून धडा घेतला. रस्टमध्ये ‘एडिशन’ आहेत, २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ च्या. कोणता कोड कोणत्या नियमांनी लिहिला हे त्यानेच सांगायचं, आणि निरनिराळ्या एडिशनचे भाग एकाच प्रोग्रॅममध्ये जोडता येतात. गो या भाषेने २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीबरोबरच जुना कोड चालत राहील असं वचन दिलं. लूपमधल्या चलाचा एक कुप्रसिद्ध अर्थ तिला फेब्रुवारी २०२४ मध्ये बदलावा लागला, तेव्हा ज्या प्रकल्पाने आपण १.२२ किंवा त्यापुढचे आहोत असं स्वतः नोंदवलं, त्यालाच नवा अर्थ लागू झाला. आणि पायथननेही आपली चाल बदलली. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये ‘मॅच’ हा नवा शब्द आला, पण जिथे त्याची नवी रचना असेल तिथेच तो राखीव. कोणाच्या कोडमध्ये ‘मॅच’ नावाचं चल असेल तर ते तसंच चालतं. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये तिने सोबत येणाऱ्या लायब्ररीतून १९ जुनी मॉड्यूलं काढली, ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ त्यांतलीच. पण त्याआधी दोन आवृत्त्या ती इशारे देत होती.

पहिल्या प्रकरणात सी आणि फोरट्रान येतात, दुसऱ्यात वेब, मधली चार प्रकरणं पायथनची, आणि शेवटची दोन आजच्या भाषांची. शेवटी एक परिशिष्ट कामावर असलेल्यांसाठी आहे: इशारे लपवू नका, ते चाचणीतच चूक म्हणून धरा, आवृत्ती बदलण्याआधी आजची उत्तरं नोंदवून ठेवा, आणि चाचणीच्या यादीत एक तरी देवनागरी नाव असू द्या. विद्यार्थ्याला कोडची ओळख असली की पुरे, बाकी मी सोबत आहे.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पायथन ३ ‘मराठी’ची लांबी ५ सांगते. मला ३ हवं आहे. स्विफ्ट ही भाषा ३ सांगतेही, कारण ती वाचणाऱ्याला एक वाटणारा गट एक धरते. मग पायथननेही लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ या फंक्शनचा अर्थ बदलावा का? मी मराठी माणूस आहे, माझं मन हो म्हणतं. पण आज अगणित ओळींनी ५ हे उत्तर गृहीत धरलं आहे. त्यांतली एकही ओळ अडणार नाही, ओरडणार नाही, फक्त चुकेल. शिवाय गट कशाला म्हणायचं हेही स्थिर नाही. २०२३ च्या युनिकोड १५.१ पर्यंत ‘ज्ञानेश्वर’चे नियमाप्रमाणे सहा गट पडत, त्या आवृत्तीने देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध मानलं आणि ते चार झाले. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. ‘लेन’ला हात लावू नका. तिच्या शेजारी एक नवं फंक्शन द्या, ज्ञा, ने, श्व आणि र असं मोजणारं, आणि ते इतकं हाताशी ठेवा की ओळखपत्रं छापायला बसलेल्या मुलाला दुसरं काही सुचूच नये. त्या गृहस्थांना पुरं नाव मिळावं, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव मोडू नये. इथून पुढची सगळी पानं या दोन अटी एकदम कशा पाळायच्या याची आहेत.